लाकडातला पीळ

लाकडाला पीळ देता येत नाही. सुताला देता येतो, सुंभाला देता येतो, लोखंडाच्या सळईलाही देता येतो. लाकूड मात्र पिळायला गेलं की तडकतं. म्हणून पलंगाच्या खुरावर, देव्हाऱ्याच्या खांबावर, जुन्या पाळण्याच्या दांड्यांवर जो पीळ आपण पाहतो तो पिळलेला नसतो, कोरलेला असतो. सरळ वाढलेल्या, सरळ चिरलेल्या आणि खरादावर गोल केलेल्या सागवानातून नको तेवढं लाकूड काढून कुणीतरी तो तिथे उभा केलेला असतो. हे कळल्यापासून असा खूर दिसला की मी हात लावतोच. खाचेत बोट ठेवून वर सरकवलं की बोट आपोआप खांबाभोवती फिरू लागतं. वर चढणं आणि भोवती फिरणं, दोन्ही एकाच वेळी. सगळा पीळ या दोन हालचालींच्या करारावर उभा आहे. करार जरा ढळला तर खाच कुठे दाटते, कुठे सैलावते, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं.

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. कापसाच्या आणि धान्याच्या बाजारपेठेच्या भरभराटीची ती म्हण. गाव तेव्हा निजामाच्या राज्यातलं, कुंडलिका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, जुनं जालना आणि नवं जालना असं दुभागलेलं. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे इथून धावू लागली आणि मोंढ्याला आणखी जोर आला. म्हणीतला पाळणा सोन्याचा असेल. घरोघरचा पाळणा सागवानी होता, कातलेल्या दांड्यांचा, आणि ऐपत असेल त्या घरात दांड्यांना पीळ असलेला. तो पीळ कोरणाऱ्याचं नाव म्हणीत नाही, पाळण्यावरही नाही. मला मात्र म्हण ऐकली की आधी तोच माणूस आठवतो.

जुन्या जालन्यातल्या एका गल्लीत असे एक खरादी मामा बसत. दुकान म्हणजे एक खण, समोर रस्ता, आत गुडघाभर भुसा. लाटणी, पोळपाटाचे पाय, रवीच्या दांड्या, भोवरे, विळ्याच्या मुठी हे रोजचं काम. पलंग किंवा देव्हारा आला तर तो सणच. मामांच्या वडिलांचा खराद जमिनीलगत होता: दोन ठोकळे, त्यांतली दोन लोखंडी टोकं, मधे लाकूड, लाकडाला गुंडाळलेली दोरी, आणि ती दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढणारा एक पोरगा. लाकूड एकदा इकडे फिरे, एकदा तिकडे. खरादी जमिनीवर बसून पटाशी हाताने धरी, पायाच्या बोटांनी तिला आधार देई, आणि लाकूड आपल्याकडे फिरत येई तेवढ्या अर्ध्या वेळातच कापे. उरलेल्या अर्ध्या वेळात पटाशी किंचित मागे. अशा यंत्रावर सलग पीळ कापणं शक्यच नव्हतं. लाकूड सलग एका दिशेने फिरतच नव्हतं. म्हणून खरादाचं काम गोलाई देण्यापुरतं, आणि पीळ पुढे हातानेच. मामांच्या काळात मोटार आली, पट्टा आला, दोरी ओढणारा पोरगा शाळेत गेला. पण पिळाची रीत तीच राहिली, आणि ती मी पुष्कळदा बसून पाहिली आहे.

आधी खूर कातून अगदी गुळगुळीत दंडगोल करायचा. मग मोटार बंद. लाकूड दोन टोकांमध्येच अडकलेलं ठेवून त्यावर पेन्सिलीने चार उभ्या रेघा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. पिळाचा एक वेढा जेवढ्या उंचीत बसवायचा तिचे चार भाग करून आडवे वेढे. खुरावर चौकटींची जाळी तयार होते. मग कागदाची लवचीक पट्टी घेऊन एका चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून तिच्याच समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे, तिथून पुढच्या चौकटीत, असं खुराला गुंडाळत जायचं आणि पट्टीच्या कडेने रेघ ओढायची. रेघ वळसे घेत वर जाते. त्या रेघेवर करवत चालवायची; करवतीच्या पात्याला लाकडाची एक चीप बांधलेली असते, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल दात जात नाहीत. करवतीने वाट पाडली की गोल पटाशी, मग गोल कानस, मग काचपेपरची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून खाचेतून ओढत राहायची. खाचेची एक भिंत तंतूंच्या कलाने कापली जाते, दुसरी तंतूंच्या विरुद्ध. विरुद्ध बाजूला सागवान उचकटतं, बारीक खपल्या निघतात. तिथे मामा पटाशी उलटी फिरवत आणि खालून वर येण्याऐवजी वरून खाली येत. एका खुराला दिवस सहज जाई.

पलंगाचं काम असेल तर ते गिऱ्हाईकाला आधीच सांगत, “दोन खूर उजवे, दोन डावे. सगळे एकाच अंगाला फिरवले तर पलंग वाकडा दिसतो, पाहा.” हे खरं आहे. चारही खुरांचा पीळ एकाच दिशेने चढला की पलंग एका बाजूला वळतोय असा भास होतो. डावा आणि उजवा समोरासमोर ठेवले की दोघे एकमेकांना धरून उभे राहतात.

या सगळ्या खटाटोपाच्या तळाशी एक अतिशय सोपी गोष्ट आहे, आणि ती ज्यांच्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांनी करून पाहावी. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा. पाया जाड लाटण्याच्या घेराएवढा. उभी बाजू वाटेल तेवढी. उभी बाजू लाटण्याला लावून कागद गुंडाळा. तिरकी बाजू लाटण्याभोवती वळसा घेत वर चढेल. हाच पीळ. पाया म्हणजे फिरणं, उभी बाजू म्हणजे चढणं. पाच सेंटिमीटर जाडीच्या खुराचा घेर पावणेसोळा सेंटिमीटरच्या आसपास भरतो; एका वेढ्यात खाच तेवढीच वर चढवली तर ती बरोबर ४५ अंशांनी तिरकी जाते. कमी चढवली तर पीळ घट्ट, जास्त चढवली तर ढिला. मामांना अंश माहीत नव्हते. घेराएवढी चढण ठेवली की पीळ ‘बसतो’, हे माहीत होतं.

आमच्या भागात लाकडावरचा पीळ शोभेच्या आधी कामाला होता, आणि ते काम कापसाचं होतं. जुन्या घरांतून सरकी काढायचा हातरेचा असे. लाकडी चौकट, तिच्यात एकावर एक टेकलेले दोन रूळ, एका रुळाला दांडा. बाई समोर बसे. एका हाताने दांडा फिरवी, दुसऱ्या हाताने कापूस रुळांच्या फटीत देई. रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. दोन रूळ उलट्या दिशांना फिरले तरच हे साधतं. पण दांडा एकाच रुळाला; मग दुसरा फिरतो कशाने? रुळांच्या टोकांकडे पाहिलं की कळतं. दोन्ही रुळांच्या टोकांवर लाकडातच मळसूत्री दाते कोरलेले असतात आणि ते एकमेकांत अडकलेले असतात. एक रूळ फिरला की दुसऱ्याला उलटं फिरावंच लागतं. आणि दोन समांतर रुळांचे असे पीळ एकमेकांत बसायचे तर एक उजवाच हवा आणि दुसरा डावाच. दोन्ही उजवे असले तर दाते एकमेकांना छेद देतात, बसत नाहीत. मामांचे दोन उजवे आणि दोन डावे खूर डोळ्यांना बरे दिसतात म्हणून. रेच्याचे डावे-उजवे रूळ तसे नसतील तर कापूसच रेचला जाणार नाही.

इतिहासकार इरफान हबीब यांनी मध्ययुगीन भारतातल्या तंत्रज्ञानाविषयी लिहिताना रेच्यातल्या या मळसूत्री दात्यांची आवर्जून दखल घेतली आहे. त्याआधीचा रेचाही आमच्या शेजारीच पाहायला मिळतो. जालन्याहून भोकरदन ओलांडून उत्तरेला गेलं की अजिंठ्याचा डोंगर लागतो. तिथल्या पाचव्या शतकातल्या चित्रांत सरकी काढण्याचं साधन जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी ओळखलं. ते एकाच रुळाचं आहे: पाट, त्यावर कापूस, आणि कापसावर फिरवायचा एक रूळ. दात्यांचा प्रश्नच नाही. एका रुळापासून एकमेकांत पीळ अडकवलेल्या दोन रुळांपर्यंत यायला केवढी कल्पना लागली असेल! आणि ते दाते कुणा कारागिराने रेघ आखून, करवत मारून, कानस घासून, एकमेकांत अडकेपर्यंत जुळवून कोरले होते. दात्यांच्या जोडीत तिळाएवढीही ढिलाई राहिली तर रूळ अडखळत फिरेल. हे काम शोभेच्या खुरापेक्षा अवघड आहे, आणि ते गावोगावच्या सुतारांना येत होतं. आमच्या नात्यातल्या एका घरच्या माळ्यावर असा रेचा मी हाताळला आहे. दात्यांच्या कडा वापराने गोल झालेल्या, लाकूड तेलकट काळं, आणि फिरवला तर रूळ अजूनही एकमेकांना ओढत होते.

आज जालन्याच्या जिनिंगमध्ये विजेवर चालणारी दोन रुळांची यंत्रं आहेत. त्यांचे रूळ चामड्याच्या चकत्या दाबून बनवतात. आणि त्या रुळांवरही, पकड टिकावी म्हणून, पिळासारख्या वळणाऱ्या खाचा असतात. खाचा झिजल्या की रूळ काढून यंत्रावर पुन्हा खाचून घेतात. रूळ फिरतो, पातं पुढे सरकतं, खाच वळत जाते. कापसाचा हंगाम सुरू होण्याआधी एखाद्या जिनिंगच्या आवारात गेलात तर हे काम चाललेलं दिसेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. रेचा गेला, पीळ राहिला.

हातावर सोपवलेला चढण्या-फिरण्याचा करार यंत्रावर सोपवायचे प्रयत्न जगात फार जुने आहेत. शार्ल प्लूमिए या फ्रेंच ख्रिस्ती संन्याशाने १७०१ साली खरादकामावर सचित्र ग्रंथ छापला. रशियाचा झार पहिला पीटर स्वतः खरादावर बसत असे, आणि त्याचा यंत्रकार आंद्रेई नार्तोव्ह याने नक्षी उतरवणारे खराद बनवले. लंडनला हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास आटे पाडण्याचा नेमका लेथ उभा केला. पण पहिला बिनचूक आटा आणायचा कुठून? त्यासाठी त्याने लाकडाच्या किंवा मऊ धातूच्या गोल दांड्याला तिरकं पातं टेकवलं आणि दांडा फिरवला. पातं स्वतःच पीळ ओढत पुढे सरकलं. त्या शहरातच होल्टझॅपफेल घराण्याने शौकीन श्रीमंतांसाठी नक्षीचे खराद बनवले आणि त्यांच्या ग्रंथमालेतला १८८४ चा पाचवा खंड अशा नक्षीकामाला, त्यात पिळाच्या जोडणीलाही, वाहिला. मला या गोष्टींपैकी सगळ्यांत भावते ती मात्र खुर्च्यांची. अठराव्या शतकात होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने पिळाच्या दांड्यांच्या काळ्या आबनुसी खुर्च्या जमवल्या आणि त्या इंग्लंडच्या ट्यूडर काळातल्या आहेत असं मानलं. पुष्कळ वर्षं लोकही तसंच मानत राहिले. प्रत्यक्षात तसल्या खुर्च्या सतराव्या शतकात आपल्या पूर्व किनाऱ्यावर, कोरोमंडलावर घडल्या होत्या. इंग्रजांच्या दिवाणखान्यात ‘जुनं इंग्लंड’ म्हणून जे मिरवलं ते इथल्या कारागिरांच्या हातचं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय तिच्याकडे येतो. मामांचा भाचा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. दिवसभर लोखंडाला आटे पाडायचे आणि संध्याकाळी मामांच्या खणात येऊन बसायचं, असा त्याचा क्रम. त्याने भंगारातून एक जोडणी बनवली. मामांच्या खरादाच्या दोन टोकांवर बसणारी अँगलची लांबट चौकट. चौकटीवर दोन गुळगुळीत सळया, त्यांवर बेअरिंगने सरकणारी एक पाटी, आणि पाटीवर बसवलेला लहान राऊटर, फर्निचरवाले सनमायकाच्या कडा मारायला वापरतात तसला. लाकडाच्या एका टोकाला, त्याच्या आसावरच, खरादावर कातलेला लाकडी ढोल. ढोलाला सायकलच्या ब्रेकची तार गुंडाळलेली, तारेचं दुसरं टोक कप्पीवरून वळवून पाटीला. ढोलाला एक हॅन्डल. बस. एवढंच यंत्र.

हॅन्डल फिरवलं की लाकूड सावकाश फिरतं, तार ढोलावर गुंडाळली जाते, पाटी ओढली जाते, आणि राऊटर लाकडाच्या लांबीने सरकतो. एका फेऱ्यात ढोलावर जेवढी तार चढते तेवढीच पाटी पुढे जाते. ढोल चार सेंटिमीटरचा असेल तर एका वेढ्याला खाच साडेबारा सेंटिमीटर चढते. घट्ट पीळ हवा? बारका ढोल लावा. ढिला हवा? मोठा लावा. म्हणजे मामांची पेन्सिलीची जाळी आणि कागदाची पट्टी, दोन्ही त्या ढोलाच्या जाडीत शिरली. गंमत अशी की इथे खरादाचं सगळं उलटं होतं. खरादावर लाकूड गरगर फिरतं आणि पटाशी स्थिर असते. इथे राऊटरचं पातं मिनिटाला २०-३० हजार फेरे घेत असतं आणि लाकूड आपल्या हाताच्या गतीने फिरतं. म्हणून खरादाची मोटार बंदच ठेवायची. ती चालू करायचा मोह नवख्याला होतो. तसं केलं तर पाटी फेकली जाईल. खाच एका दमात खोल घ्यायची नाही, तीनदा-चारदा उतरत जायची.

ढोल आणि लाकूड यांच्या मधे त्याने एक चकती बसवली आहे. तिला कडेने सारख्या अंतरावर २४ भोकं, आणि एक खिट्टी. एक खाच पुरी झाली की खिट्टी काढायची, लाकूड ढोलापासून सुटं करून सहा भोकं पुढे फिरवायचं, खिट्टी पुन्हा घालायची, दुसरी खाच सुरू. अशा चार खाचा म्हणजे चार पदरी पीळ. आठ भोकं मोजली तर तीन पदरी, बैलाच्या कासऱ्यासारखा. बारा मोजली तर दोन पदरी. तार उलट्या बाजूने गुंडाळली की डावा पीळ. मामांनी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, “डावा करतं का?” भाच्याने तार सोडली, उलटी गुंडाळली, आणि डावा खूर काढून दाखवला. मामा काही बोलले नाहीत. दोन्ही खूर शेजारी उभे करून, डोळा बारीक करून बराच वेळ बघत राहिले.

लेथवाल्याच्या मनात इथे एक शंका येईल आणि ती रास्त आहे: तार कशाला, स्क्रू आणि गिअर का नाही? कारखान्यातल्या लेथवर आटे पाडताना लोखंड फिरतं, ते गिअरमधून लांब स्क्रूला फिरवतं आणि स्क्रू हत्याराला पुढे नेतो. तिथे एका फेऱ्यात पुढे जायचं असतं दोन-तीन मिलिमीटर. लाकडी पिळात एका फेऱ्यात बारा सेंटिमीटर जायचं. सहा मिलिमीटर आट्याचा स्क्रू असेल तर लाकडाच्या एका फेऱ्याला स्क्रूने वीस फेरे घ्यायला हवेत. लाकूड फिरवून स्क्रूला एवढं पळवायला गेलं तर गिअर अडकतात. म्हणून हॅन्डल लाकडाला नव्हे, स्क्रूला लावायचं: स्क्रू वीसदा फिरेल, लाकूड एकदा. ही जोडणी जास्त नेमकी, जास्त महाग आणि जास्त वजनदार. पलंगाच्या खुराला तारेची पुरते असं माझं मत आहे. तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि तार तुटली तर सायकलच्या दुकानात नवी मिळते.

पण एक उणीव दोन्हींत आहे आणि ती मामांनीच दाखवली. खूर नेहमी सरळ दंडगोल नसतो. खाली निमुळता होत जातो. हाताने कोरताना मामा जसजसा खूर बारीक होई तसतसे वेढे जवळ आणत, त्यामुळे पिळाचा कल वरपासून खालपर्यंत सारखा राही. जोडणीचा वेढा मात्र ठरलेला. बारीक टोकाकडे घेर कमी, चढण तेवढीच, म्हणून पीळ तिथे ताणल्यासारखा, ढिला दिसतो. जुन्या पलंगाचा खूर आणि यंत्रावरचा खूर शेजारी ठेवले तर हा फरक कुणालाही कळेल. यंत्राचं काम निर्जीव वाटतं असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा यामुळेच. भाच्याने यावर काढलेला उपाय मला फार आवडला. त्याने सरळ ढोलाऐवजी शंकूच्या आकाराचा ढोल कातून घेतला, त्यावर तारेला बसायला बारीक खाच पाडली, आणि तार जाड बाजूकडून बारीक बाजूकडे गुंडाळत नेली. ढोल बारीक होत गेला तशी एका फेऱ्यात चढणारी तार कमी झाली, आणि वेढे आपोआप जवळ आले. शिवाय तो शंकू कातला मामांनी. किती निमुळता ठेवायचा हे त्यांच्या डोळ्यात होतं.

जालन्यात हे सहज होऊ शकतं, याचं कारण लोखंड. हे गाव आता सळईचं गाव म्हणून ओळखलं जातं. जुन्या स्लॅबमध्ये कधी टॉर सळई पाहिली असेल तर आठवा: ती थंड असतानाच खरोखर पिळलेली असे, ताकद वाढावी म्हणून. पुढे टीएमटी आली. तिला पीळ देत नाहीत, गरम सळई पाण्याने झटकन थंड करून ताकद आणतात. पण तिच्या अंगावरच्या तिरक्या कडा, ज्या सिमेंटला धरून ठेवतात, त्या येतात रोलिंग मिलच्या रुळांवरून. रुळाच्या खोबणीत ठराविक अंतरावर तिरक्या खाचा पाडलेल्या असतात, लालभडक लोखंड त्यांतून दाबलं गेलं की खाचेच्या जागी कड उठते. आणि रुळावर त्या खाचा पाडायचं काम? रूळ एक घर फिरवायचा, थांबवायचा, पात्याने खाच घ्यायची, पुढचं घर. मामांच्या खणातली २४ भोकांची चकती आणि खिट्टी हेच काम करते. ज्या गावात रोलचे खाचकामगार आहेत, लेथवाले आहेत, बेअरिंगची आणि भंगाराची दुकानं आहेत, त्या गावात लाकडाच्या पिळाची जोडणी बनवायला बाहेरून काही आणावं लागत नाही.

हाताचं काम यंत्राने हिरावलं अशी हळहळ मी करणार नाही. तशी हळहळ करणारे बहुतेक वेळा खूर विकत घेणारे नसतात. हाताने दिवसभर खपून कोरलेल्या खुराची मजुरी आज गिऱ्हाईक देत नाही, आणि खरादी उपाशी राहून कला टिकवणार नाही. तयार पलंग परगावच्या कारखान्यांतून ट्रक भरून येतात. त्यांवरचा पीळ चारही खुरांवर एकाच बाजूला फिरलेला असतो, कारण डावा काढायची तसदी कुणी घेत नाही. मामांच्या खणातली जोडणी एका खुराचं खाचकाम घटकाभरात उरकते. त्यानंतर खाच जिथे सुरू होते आणि जिथे संपते ती दोन्ही टोकं हातानेच मिटवावी लागतात, उचकटलेली भिंत पटाशीनेच साफ होते, आणि काचपेपरची पट्टी माणूसच ओढतो. यंत्राने आखणी आणि ओझं उचललं, कसब खरादीकडेच राहिलं. अशी वाटणी मला न्यायाची वाटते.

म्हणून दोघांना सांगायचं आहे. औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना, आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनाच्या शिक्षकांना: मुलांना दरवर्षी कागदावरचे प्रकल्प देता, त्यांतला एक प्रकल्प गावातल्या खरादीच्या दुकानात न्या. चौकट, राऊटर, तार, कप्पी, ढोल, चकती, एवढंच लागतं. शंकूचा ढोल मुलांना गणितही शिकवेल. राऊटरभोवती जाळी आणि हातापाशी बंद करायचं बटन मात्र विसरू नका. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुना हातरेचा पडला आहे त्यांना: तो जळणात किंवा भंगारात देऊ नका. खाली उतरवा, पुसा, रूळ फिरवून पाहा. दात्यांचा घेर आणि एका वेढ्याची चढण मोजून कागदावर लिहा, डावा कोणता आणि उजवा कोणता ते टिपा, फोटो काढा, आणि तो कागद जवळच्या खरादीला किंवा आयटीआयच्या सुतारकामाच्या शिक्षकाला नेऊन द्या. त्यावरून रेच्याच्या रुळांची जोड पुन्हा कोरता येते.